खाडीचा नांगर, धरणाचं पाणी

आमच्या काकींच्या ओटीवर चपला काढायच्या जागी नांगर उभा असायचा. शेतातला नव्हे, होडीचा. लोखंडी, चार वाकड्या नखांचा, वर दोरी बांधायला कडी, आणि इतका जड की एका हातानं उचलायला गेलं तर माणूसच वाकायचं. मी खोली बघायला गेले त्या दिवशी सगळ्यात आधी त्यालाच ठेचकाळले. अंगठा धरून मी ओटीवर बसकण मारली, तेवढ्यात आतून आवाज आला, "लागला का? बरा झाला. आता जल्मभर ध्यानात राहील तो कुठं ठेवलाय ते." ही माझी होणारी घरमालकीण.

शहापूर तालुक्यातल्या त्या गावात मी उपकेंद्रावर नर्स म्हणून नवीन लागले होते. गाव धरणाच्या पाण्याला लागून. काकींच्या अंगणात उभं राहिलं की खाली सगळं निळं दिसायचं आणि पलीकडे डोंगर. मला पाण्याची भीती वाटते हे मी तेव्हा सांगितलं नाही. काकींनी विचारलं, "गाव कुठला तुजा?" मी म्हटलं, सोलापूरकडचं. "तिकडं पाणी कसं काय?" म्हटलं, टँकरनं येतं. त्यांनी माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं. "म्हंजे होडीचा नांगर तू कदी बगितलाच नसशील."

"नाही."

"मग घे खोली," त्या म्हणाल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला तिथं राहिलेल्या सगळ्या वर्षांत कळलं नाही.

काकी खाडीकाठच्या. कल्याणच्या पुढं खाडीवर त्यांचं माहेर, वडिलांची होडी, भावांची जाळी. लग्न होऊन त्या डोंगराकडे भातशेतीच्या घरात आल्या, पण मनानं खाडी सोडून कधी आल्याच नाहीत. भाजीला मीठ जास्त पडलं तर "आमच्या खाडीवर असंच खातात." कमी पडलं तरी तेच. नारळी पौर्णिमेला सगळं गाव घरात नारळीभात खायचं आणि या एकट्या नवी साडी नेसून धरणावर नारळ सोडायला जायच्या. समुद्र नारळ घेऊन जातो. धरण कुठं नेणार? दुसऱ्या दिवशी तो नारळ हटकून आमच्या धुणं धुवायच्या दगडापाशी येऊन टेकायचा. काकी तो उचलून आणायच्या, "नको म्हनतंय धरण, त्याचं पोट भरलंय," असं म्हणून फोडायच्या आणि वड्या करायच्या. वड्या मात्र फार चांगल्या व्हायच्या.

काका गेले त्यानंतरच्या वर्षी काकी माहेरी गेल्या होत्या, ही गोष्ट माझ्या येण्याच्या आधीची, पण गावानं मला ती इतक्या वेळा सांगितली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. माहेरून कोणी साडीचोळी घेऊन येतं, कोणी लोणच्याची बरणी. काकी टेम्पोत होडी घालून आल्या. खाडीचं पाणी बिघडलं होतं, भावांनी मासेमारी सोडली होती आणि वडिलांची छोटी होडी दारात उलटी पडून होती. "सडवायचीच हाय तर मला द्या," म्हणाल्या. नांगर सोबत आलाच. टेम्पोत होडी उपडी घातली होती आणि तिच्याखाली काकी बसल्या होत्या, कारण तिला एकटीला कशी सोडायची! आसनगावला चहाला टेम्पो थांबला तेव्हा कोणीतरी ड्रायव्हरला विचारलं, आत काय आहे, आणि होडीनं आतून टकटक केलं. त्या माणसानं चहाचा ग्लास टाकून दिला असं म्हणतात.

काकींना माणसांची पारख होती, आणि ती नांगरांच्या हिशेबानं होती. जगात माणसं तीन तऱ्हेची. एक धोंडा. शांत पाण्यात मोठ्या रुबाबात बसतो, वारा सुटला की तुमच्यासकट निघतो. दुसरं पोतं, म्हणजे वाळू भरलेलं. जिथं टाकाल तिथला आकार घेतं, फारसं घट्ट धरत नाही, पण कुणाला त्रासही देत नाही. आणि तिसरा नांगर. धरला की धरला. आमच्या डॉक्टरसाहेबांना त्यांनी पहिल्या भेटीत धोंडा ठरवलं आणि साथ आल्यावर ते खरोखरच रजेवर गेले. माझ्या भावानं मला एका मुलाचा फोटो पाठवला होता, फोनवर. काकींनी तो लांब धरून पाहिला. "धोंडा हाय गो. बसलाय बग कसा." दुसऱ्या फोटोला म्हणाल्या, "हा पोतं. घे करून. पोत्यावर कुनाचा राग धरवत नाय." मी केलं. आता माझी बदली मुरबाडला झाली आहे आणि आमचं घर तिथंच आहे. नवऱ्याला मी ही गोष्ट लग्नानंतर सांगितली. तो हसला आणि चहा ठेवायला उठला, तेव्हा काकींची पारख मला मनोमन पटली.

स्वतःला काकी अर्थातच नांगर समजायच्या. त्यात काही खोटं नव्हतं, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

आता हे जरा समजून घ्यायला हवं, कारण मलाही ते समजायला एक अख्खा हिवाळा लागला. त्या धरणाच्या पोटात जंगल आहे. पाणी भरायच्या आधी झाडं तोडली होती, पण बुंधे तसेच राहिले, ऐनाचे, सागाचे, आंब्याचे. मोठे मासे त्या बुंध्यांमध्ये राहतात. तिथं जाळं टाकलं की फाटलंच. म्हणून मासा हवा असेल तर गळ टाकून बसायचं, आणि गळ टाकून बसायचं तर होडी एका जागी थांबायला हवी. बाकीचे लोक दोरीला धोंडा बांधायचे. दुपारी डोंगराकडून वारा उतरला की धोंडे घसरायचे, होड्या निघायच्या, आणि लोक नशिबाला बोल लावत घरी यायचे. काकी खाडीचा नांगर टाकायच्या. खाडीच्या तळाशी नुसता चिखल. तिथं काळजी एकच, नांगर धरतो की नाही. इथं बुंध्यांच्या मुळांत त्याची नखं अशी रुतायची की धरण्याची चिंता नाही, सुटण्याची होती. प्रत्येक वेळी काकी होडी पुढं घे, मागं घे, डावीकडून ओढ, उजवीकडून ओढ, असं करून कसाबसा तो सोडवायच्या. मी म्हटलं, "काकी, धोंडा घ्या ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी एकदा तो सुटलाच नाही. थंडीचे दिवस होते. सकाळी गेलेल्या काकी दुपार कलली तरी परत येईनात. मी लसीकरण आटोपून काठावर गेले तर त्यांचा मुलगा जगन आधीच तिथं उभा होता. जगन कल्याणला नोकरीला. रोज सकाळी मोटारसायकलवर आसनगाव, तिथून लोकल. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. पाण्याच्या मधोमध काकींची होडी दिसत होती, वारा तिला हिसके देत होता आणि ती जागची हलत नव्हती. पाणी कडेवरून आत येत होतं आणि काकी डब्यानं उपसत होत्या. त्यांच्यापाशी कोयता होता. दोरी कापली असती तर मोकळ्या झाल्या असत्या. पण वडिलांचा नांगर कापून टाकायला त्यांचा हात होईना. जगनला पोहता येत नाही. तो काठावर नुसता येरझारा घालत होता आणि त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

पलीकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा आपली होडी घेऊन गेला आणि त्यानं दोरी कापली. कापलेल्या टोकाला त्यानं तेलाचा रिकामा डबा बांधून दिला, म्हणजे जागा तरंगत राहील. एवढं सगळं करून काकींना काठावर आणलं, तर त्या त्याच्याशी उन्हाळ्यापर्यंत बोलल्या नाहीत. "बापाची दोरी कापलीन माज्या," एवढंच.

रात्री जेवताना जगन म्हणाला, "आई, एकदाच सांगतो. तुला सोडवायला परत कुनाला पान्यात जायला लागलं, तर होडी विकनार. वरचा रिसॉर्टवाला कदीपासून मागतोय, शोभेला ठेवायला. मला कामावर टेन्शन नको. ट्रेनमध्ये फोन वाजला तरी छातीत धडकी भरते."

मला वाटलं आता भांडण पेटणार. काकी म्हणाल्या, "बरं."

नंतर भांडी घासताना मला म्हणाल्या, "तो खोटं नाय बोलत गो. बाप गेला त्याचा. आता आईपन घालवायची का त्यानं, पान्यात?" पण होडी गेली तर काकींचं काय उरणार होतं, तेही मला दिसत होतं. काका गेल्यावर त्या सहा-सात महिने नुसत्या ओटीवर बसून असायच्या, जेवण समोर ठेवलं तर जेवायच्या, नाही तर नाही, असं शेजारच्या बायका सांगायच्या. होडी आली तेव्हा त्या उठल्या होत्या.

त्या हिवाळ्यात काकींनी धोंडा वापरून पाहिला. कुणी बघू नये म्हणून गोणपाटात गुंडाळून न्यायच्या. वारा आला की होडी निघायची, आणि निघालेली होडी कुठं जाऊन लागेल याचा भरवसा नाही. म्हणजे धोंडा घेतला तर वाहून जायचं, नांगर घेतला तर अडकायचं, आणि दोन्ही वेळा कुणीतरी सोडवायला यायचं. मग त्यांनी जाणंच सोडलं. ओटीवर चपलांच्या जागी आता चपला होत्या. काकी भिंतीला टेकून बसायच्या. मला ते बघवायचं नाही. मी उपकेंद्रातून उशिरा घरी यायला लागले.

मे महिन्यात धरण आटतं. पाणी खाली खाली जातं आणि तळ उघडा पडतो, भेगाळलेला चिखल, जुन्या बांधांचे दगड, काळे पडलेले बुंधे. आणि मग त्या गावचे होडीवाले एक काम करतात, जे मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. वर्षभरात ज्याचे जे नांगर-धोंडे तळाशी राहिले, ते आणायला सगळे चालत जातात. नांगर वेचायला चाललो, असंच म्हणतात, जसं कुणी करवंदं वेचायला जावं. सकाळी ऊन चढायच्या आत भाकऱ्या बांधून निघायचं. दरवर्षी तिथं भांडणं होतात. एकाला दुसऱ्याचा धोंडा सापडतो आणि तो माझाच म्हणून हट्ट धरतो.

काकींनी मला पहाटे उठवलं. "चल. जोरानं ओढायला मानूस पायजे."

जिथं मी होडीत बसायलाही घाबरले असते तिथून आम्ही चपला घालून चाललो होतो. मला फार गंमत वाटली. पाड्यावरचा म्हातारा आमच्या आधीच पोचला होता आणि एका धोंड्यावर पाय ठेवून उभा होता. काकींनी लांबूनच ओळखलं. "बाबा, तो माजा धोंडा हाय. गोनपाट बगा."

"गोनपाट कुनाचंपन असतं. धोंड्यावर नाव हाय काय तुजं?"

"तुमचं हाय काय?"

"ने बाय, ने," म्हातारा म्हणाला. "तुजा नांगर तिकडं ऐनाच्या खोडाशी हाय. मी हात नाय लावला. तू मला कोयता मारशील." काकी हसल्या नाहीत, पण त्यांनी भाकरीतली अर्धी त्याला दिली. समेट झाला.

तेलाचा डबा चिखलात आडवा पडला होता. दोरी धरून आम्ही नांगरापर्यंत गेलो. एक नख ऐनाच्या मुळाखाली गेलेलं. काकींनी दोरी ओढली. मी ओढली. दोघींनी पाय रोवून ओढली, तेव्हा दोरी निसटली आणि मी चिखलावर पाठीवर आपटले. नांगर जागचा हलला नाही. मग काकी त्याच्या मागच्या बाजूला गेल्या, उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिल्या. मी कपडे झटकत होते. त्यांनी नखं ज्या टोकाला जुळतात त्या खालच्या टोकाला हात घातला आणि मागच्या अंगानं उचललं. ताटातली वाटी उचलावी तसा नांगर वर आला.

काकी त्या बुंध्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पाड्यावरचा म्हातारा काय झालं म्हणून बघायला आला. "पुढनं वढला तर मरेपर्यंत नाय सोडत गो," त्या म्हणाल्या, "आनि मागनं धरला तर पोरीसारखा येतोय. बापानं हे कदी सांगितलं नाय मला. त्याला तरी कुठं म्हाईत! खाडीत कदी झाडं होती?" वडिलांना काहीतरी माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. नांगर आम्ही काठीला अडकवून दोघींच्या खांद्यावर घरी आणला. ऊन मी म्हणत होतं आणि काकी सगळ्या वाटेनं बोलत होत्या.

त्यांच्या डोक्यात जे आलं ते असं. दोरी वरच्या कडीला बांधायचीच नाही. ती खाली, नखं जुळतात त्या टोकाला पक्की बांधायची, दांड्याच्या कडेनं वर आणायची आणि कडीपाशी नुसत्या एका कच्च्या दोऱ्यानं अडकवून ठेवायची. वारा होडीला ओढतो तोवर तो दोरा टिकेल, आणि नांगर नेहमीसारखा धरून राहील. अडकला, तर होडी नांगराच्या बरोबर वर आणून जोरात ओढायचं. दोरा तुटेल, सगळा ओढा खालच्या टोकावर जाईल आणि नांगर उलटा होऊन मागच्या अंगानं सुटून येईल. शहापूरला वेल्डिंगवाल्याकडे आम्ही खाली दुसरी कडी बसवायला गेलो. तो म्हणाला, "मावशी, नांगराला बुडाखाली कडी? उलटा टांगनार काय?"

"उलटाच टांगनार. तू लाव."

राहिला प्रश्न त्या दोऱ्याचा. आणि इथून पुढं आमच्या अंगणाची प्रयोगशाळा झाली. फणसाच्या उघड्या मुळात नांगर अडकवायचा, दोरीचं टोक माझ्या कमरेला. मी वारा. मी ओढायची आणि काकी कमरेवर हात ठेवून बघायच्या. गजऱ्याचा दोरा पहिल्याच झुळुकीत तुटला. सुतळी कोरडी होती तोवर ठीक, बादलीत भिजवली तर कुजकी निघाली. नायलॉनचा दोरा ताणला, तर त्यानं उलटं मलाच फणसापर्यंत खेचत आणलं, पण तो तुटला नाही. मी उपकेंद्रातून बँडेजची पट्टी आणली, स्वतःच्या पैशानं विकत घेतलेली, हे सांगून ठेवते. ती ताणून ताणून लांबच होत गेली. जगन कामावरून आला की फाटकाशी उभा राहून हे बघायचा. एकदा म्हणाला, "सिस्टर, तुमीपन?" आणि मान हलवत आत गेला.

एका दुपारी काकींनी वाळत घातलेल्या परकराची नाडी ओढून काढली. जुनी, धुऊन धुऊन पातळ झालेली. ती वाऱ्याला टिकली, म्हणजे मला टिकली. मग काकी आणि मी दोघींनी मिळून हिसका दिला, तेव्हा टप् करून तुटली. पुन्हा एक बांधली, पुन्हा तसंच. त्या आठवड्यात आळीतल्या बायकांनी आपापल्या जुन्या नाड्या आणून दिल्या आणि काकींनी त्या सगळ्या अंगणात बसून तुटतात की नाही ते पाहिलं. मला म्हणाल्या, "घट्ट दोरी कुनीपन बांदील गो. कुठं तुटायला पायजे आनि किती वढल्यावर, ते ठरवताना डोकं लागतं." हे त्या माणसांविषयी बोलत होत्या की नाडीविषयी, मी विचारलं नाही. बहुतेक नाडीविषयीच.

धरण भरल्यावर, भाद्रपद सरताना, काकींनी जगनला सुट्टीच्या दिवशी होडीत यायला सांगितलं. "माजी परीक्षा घे. नापास झाले तर तूच ने रिसॉर्टवाल्याकडे." जगन कमरेला ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब घालून आला. काकींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वल्हं हातात घेतलं. मीही गेले. का गेले, तर मला पाण्याची भीती वाटते हे त्यांना अजून सांगितलं नव्हतं म्हणून.

बुडालेल्या जंगलावर जाऊन काकींनी नांगर सोडला आणि दोरी ऐसपैस लांब दिली. दोरीत कंजूषपणा केला की नांगर उखडतो, हे त्या नेहमी सांगायच्या. गळ टाकले. काकींना कटला जातीचे दोन मासे मिळाले, हाताएवढे. जगननं एक गळ धरून ठेवला होता, पण त्याचं लक्ष सगळं दोरीवर. दुपारी डोंगराकडून वारा उतरला. आमच्या आसपासच्या होड्या एकेक करून सरकत काठाकडे गेल्या. आम्ही जागच्या जागी डुलत होतो. मी होडीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली, पण होडी हलत नाही हे मला कळत होतं, आणि जगनलाही. तो हळूच म्हणाला, "थांबली की गो."

"चला आता," काकी म्हणाल्या. त्यांनी दोरी गोळा करत होडी नांगराच्या बरोबर वर आणली आणि हिसका दिला. काही झालं नाही. दुसरा दिला. मी हात लावला, जगननं लावला. तिघांनी मिळून ओढलं. दोरी पाण्यात सरळ उभी, काठीसारखी ताठ, आणि खाली काहीच तुटत नव्हतं. अंगणात इतक्या वेळा तुटलेली नाडी आज तुटेना. काकींच्या तळहातावर दोरीचे वळ उठले. लाटा कडेला आपटत होत्या आणि पाणी थोडं थोडं आत यायला लागलं.

जगननं फोन काढला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. "आई, पाड्यावरच्या बाबांना बोलवतो."

काकींनी दोरी सोडली नाही, पण त्यांचे खांदे पडले. फोन लागला की होडी गेली, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "नवी बांदली गो मी."

"काय?"

"नाडी. आज तो येनार म्हनून. चांगल्या दिवशी जुनं कसं लावायचं? दुकानातनं कोरी आनली मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रागही आला आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली. महिनाभर फणसाखाली जे शिकलो ते सगळं त्यांनी शुभ दिवस म्हणून धुऊन टाकलं होतं. सणाला कोरं कापड नेसायचं, तसं नांगरालाही नेसवलं.

जगन फोनवर नंबर शोधत होता. काकींनी डोळे पुसले आणि दोरीकडे एकदा, त्याच्याकडे एकदा पाहिलं. जगन अंगानं भरलेला आहे, हे मी सांगायचं राहिलं.

"जगन, फोन ठेव. पुढं ये."

"आई, आता टाइम नाय..."

"पुढं ये म्हनते ना! सिस्टरबाय, तू पन."

आम्ही तिघं होडीच्या नाकाशी गेलो. नाक पाण्यात वाकलं, दोरी थोडी सैल झाली, आणि तेवढ्यात काकींनी तिचा झोळ ओढून घेऊन पुढच्या खुंटीला दोन वेढे आवळले. "आता मागं सरका. हळू. बसून." आम्ही बसल्या बसल्या मागं सरकायला लागलो. जसे मागं गेलो तसं होडीचं नाक वर उचलायला लागलं आणि दोरी कुरकुरायला लागली. तुटलं नाही. "अजून मागं. जगन, एकदम शेवटाला जा. टेक तिथं." तो ट्यूबसकट अगदी मागच्या टोकाला टेकला. मागची कड पाण्यापासून चार बोटं राहिली. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

टप्.

होडी अशी उसळली की मी काकींच्या अंगावर आणि काकी जगनच्या ट्यूबवर. कुणी पाण्यात पडलं नाही. काकी उठल्या, धडपडत पुढं गेल्या आणि दोरी भराभर ओढायला लागल्या. नांगर उलटा वर आला, बूड आधी, नखं मागं, एका नखात ऐनाची साल अडकलेली. त्यांनी तो होडीत घेतला आणि त्याच्याशेजारी बसून श्वास घेतला. होडी मोकळी होऊन वाऱ्यावर हळूहळू काठाकडे निघाली होती.

जगनच्या हातात फोन तसाच होता. त्यानं तो पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि खिशात ठेवला. मग नांगराकडे वाकून तुटलेल्या कोऱ्या नाडीचं टोक बोटांनी चाचपून पाहिलं. काकी त्याच्याकडे बघत होत्या आणि मी काकींकडे.

"आई," तो म्हणाला, "एकादी जुनी नाडी आनलीस का बरोबर?"

"कशाला रे?"

"मगाशी माज्या गळाला लागला होता मोठा. तूच उठवलंस." आणि वल्ह्याला हात घालत तो पुढं म्हणाला, "परत टाकू. पन या टायमाला जुनी बांद."

काकींनी पदराची गाठ सोडली, धुऊन धुऊन मऊ झालेली नाडी त्यातून काढली, आणि ती स्वतः न बांधता त्याच्या हातात दिली.